पुसल्यावर हात लावायचा नाही

११ नोव्हेंबर २०२४

ही वही पुरावा म्हणून घेतली. उद्या माझ्यावर काही शेकलं तर कोण कधी काय बोललं ते तारखेसकट दाखवता आलं पाहिजे. तोंडी भांडणात मी कोणाला ऐकत नाही, पण ऑफिसात तोंडी भांडण चालत नाही, कागद लागतो.

तर लिहून ठेवते. मी सुमित्रा घरत, वय चौपन्न, राहणार खांदेश्वर. अठ्ठावीस वर्षं लोकांचं रक्त काढतेय. पनवेलपासून द्रोणागिरीपर्यंत कुठल्याही जुन्या डॉक्टरला विचारा, ज्याची शीर कोणाला सापडत नाही तो पेशंट कोणाकडे पाठवायचा. संघमित्रा मॅडमनी मला बेलापूरच्या या रिसर्च सेंटरमध्ये बोलावून घेतलं ते याच हातासाठी. त्या इथल्या मुख्य.

आणि आज त्या हाताला शिकवणी लागली. शिकवणारी कोण, तर डॉक्टर इक्रा. एकतीस वर्षांची, मोरा बंदरावरची पोरगी, म्हणजे माझ्या माहेराच्या बाजूचीच. पण बोलते अशी की टीव्हीवर बातम्या देतेय. दोन तास पडद्यावर चित्रं दाखवली. शुगर आणि हार्टच्या पेशंटच्या रक्तात म्हणे जिवाणूंचे अंश फिरत असतात. आतड्याची भिंत झिरपायला लागते, तिथून ते रक्तात उतरतात, रक्तवाहिन्या सुजवतात, साखर बिघडवतात, असा हिचा अंदाज. तो खरा की खोटा बघायला साठ पेशंट आणि साठ ठणठणीत माणसं, सगळ्यांचं रक्त काढायचं आणि मशीनमध्ये घालायचं. मशीन इतकं बारीक बघतं की नको तेही दिसतं.

इथपर्यंत ठीक. मग म्हणाली, "स्पिरिटनं तीस सेकंद पुसायचं, तीस सेकंद सुकू द्यायचं. आणि सुमित्राताई, एकदा पुसल्यावर हात लावायचा नाही. शीर आधीच शोधून ठेवायची."

सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन! बाकी चार जण बसले होते, त्यांचं नाही घेतलं. मी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः किती जणांचं काढलंय?" तर हसून म्हणाली, "बावीस." बावीस! माझे चहाच्या आधी बावीस होतात.

आता हेही लिहिते, कारण माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मी उजव्या हातमोज्याच्या पहिल्या बोटाचं टोक दातात धरून फाडते. रबरातून शीर कळत नाही. जाड माणसाची, म्हातारीची शीर डोळ्यांना दिसतच नाही, ती बोटाखाली हलते. कापूस फिरवला की दबते, म्हणून पुसल्यावर परत एकदा चाचपायची आणि मग सुई. सगळे जुने टेक्निशियन असंच करतात, फक्त कोणी बोलून दाखवत नाही.

१५ नोव्हेंबर

आज इक्राची जिरली. उलव्याहून एकशेदहा किलोचे गृहस्थ आले होते, शुगर बारा वर्षं, दोन वेळा हार्टचं झालेलं. आमच्या अश्विननं त्यांना तीनदा टोचलं. अश्विन चांगला आहे, कामसू आहे, पण हात जड. चौथ्यांदा सुई उचलली तर ते गृहस्थ उठलेच. इतक्या शिव्या दिल्या की लिफ्टवाला आत आला. मी त्यांना बसवलं, पाणी पाजलं, दोन मिनिटं त्यांच्या सुनेबद्दल ऐकून घेतलं आणि एका झटक्यात नळी भरली.

इक्राबाई दारात उभ्या होत्या. संध्याकाळी फतवा निघाला. पेशंटच्या शिरा मिळत नाहीत, म्हणून शुगर-हार्टचे सगळे पेशंट सुमित्राताईंकडे, ठणठणीत माणसं अश्विनकडे. "वेळ वाचेल, पेशंटना त्रास नको," म्हणे. म्हणजे चार दिवसांपूर्वी मला हात कुठे लावायचा ते शिकवत होती आणि आज सगळा अवघड माल माझ्या गळ्यात! पण घरी येऊन सुरमई तळली.

२ डिसेंबर

इक्रा रजिस्टर घेऊन मागे उभी राहिली. नेमका पेशंट असा की शीर दोरीसारखी वर आलेली. मी मोजा अख्खा घातला, पुसलं, हात लावला नाही, काढलं. खूश होऊन टिक मारून गेली. जा बाई, जा.

१९ डिसेंबर

आज पुतळाताई आली. आमच्या यांची थोरली बहीण, माझी नणंद. द्रोणागिरीजवळ गावात एकटीच राहते. वय एकाहत्तर, शुगर, बीपी, गेल्या वर्षी हार्टमध्ये स्प्रिंग घातलेली. इथे यायला तिनं माझ्यामुळेच होकार दिला. फॉर्मवर अंगठा उठवताना इक्राला सांगत होती, "ही माजी भावजय हाय. दुसऱ्या कोनाला मी हात देत नाय. डागदरनीला पन नाय." इक्रा फॉर्म वाचून दाखवत होती, की हे फक्त संशोधन आहे, याचा रिझल्ट पेशंटला कळवला जाणार नाही, याच्यावरून कुठलंही औषध बदलायचं नाही. पुतळाताईचं लक्ष माझ्या नव्या चपलांकडे.

तिच्या शिरा म्हणजे परीक्षा. हात सुजलेला, कातडी पातळ. पुसलं, दबली, परत चाचपली. सापडली कोपराच्या अगदी बाहेरच्या बाजूला. तिला सुई कळलीसुद्धा नाही. "झाला पन?" म्हणाली. हो म्हटलं, झालं.

हे असलं ऐकलं की दिवसभराचा वैताग जातो. नमूद करून ठेवते.

१८ फेब्रुवारी २०२५

निकाल लागला. साठ पेशंटांपैकी सत्तेचाळीस जणांच्या रक्तात जिवाणूंच्या खुणा. ठणठणीत साठांपैकी फक्त पाचांत. संघमित्रा मॅडमनी केक मागवला. इक्रा रडली. एवढी मोठी डॉक्टर आणि कॉन्फरन्स रूममध्ये टिपं गाळतेय. मग एकेकाचे आभार मानले. मशीनवाल्यांचे, कॉम्प्युटरवाल्यांचे, मोऱ्याच्या अब्बांचेसुद्धा. माझी पाळी आली तेव्हा म्हणाली, "आणि कलेक्शन स्टाफचे."

कलेक्शन स्टाफ! ते सत्तेचाळीस कोणाच्या सुईतून आले ग? सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस माझे. अश्विनच्या साठांत जेमतेम पाच मिळाले, बाकी सगळे माझ्यात. हे कोणी बोललं का? मी केक खाल्ला नाही. निकालाचं पोस्टर मात्र मलाच चिकटवायला लावलं. वर मोठ्या अक्षरांत त्या जिवाणूंची इंग्रजी नावं, सगळ्यात जास्त सापडलेलं पहिलं. चिकटवताना दहा वेळा वाचलं, पाठ झालं.

घरी येताना पुतळाताईला फोन केला. जंतू निघालेल्यांच्या यादीत तिचा नंबर होता, तो मला माहीत होता. फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो, घरच्या माणसाला नाही सांगायचं तर कोणाला? म्हटलं, "ताई, तुझ्या रक्तात जंतू निघाले. शुगर, हार्ट, सगळं त्यानंच असेल."

"अगो बाय," म्हणाली. "आनि मी येरी इतकी वरसां गोर खाल्ल्या म्हनून सोताला शिव्या देतंय." गोड खाल्लं म्हणून शुगर झाली, असंच ती आजवर धरून बसलेली.

९ मार्च

पुतळाताईकडे गेले होते. टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या होत्या तशाच, एकही फोडलेली नाही. शुगरची, बीपीची, रक्त पातळ करायची, सगळ्या बंद. दोन आठवडे! गावातल्या केमिस्टकडून जंतूंच्या गोळ्या आणून त्या खातेय. वर मलाच समजावते, "जंतू मेले का साखर आपसूक जाल. तूच नाय का बोललीस?"

मी असं कधी म्हटलं? मी म्हटलं होतं जंतू निघाले. गोळ्या सोड असं म्हटलं नव्हतं. इतकी ओरडले की शेजारची बाई बघायला आली. पट्ट्या फोडून तिच्या हातात दिल्या, माझ्यासमोर गिळायला लावल्या. हो हो म्हणाली. माणसाला अक्कल नसली की काय करणार?

२२ एप्रिल

पेपर ज्या मासिकाकडे पाठवला होता तिथल्या परीक्षकाचं पत्र आलं. दोन पानं. बाकी सगळं बरं आहे, पण एक प्रश्न विचारलाय, की पेशंट आणि ठणठणीत माणसं या दोन्ही गटांचं रक्त एकाच व्यक्तीनं काढलं होतं का?

इक्राचा चेहरा पांढरा पडला. रजिस्टर उघडून बसली. पेशंटच्या पानांवर सु. सु. सु. सु., दुसऱ्या पानांवर अ. अ. अ. मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "सुमित्राताई, पुसल्यानंतर कधी हात लागला होता का? चुकून?"

तळपायाची आग मस्तकात गेली. साता समुद्रापलीकडचा कोणी एक माणूस, ना मला बघितलं ना माझा हात, आणि त्यानं शंका घेतली की हिनं लगेच माझ्याकडे बघायचं! अश्विनला नाही विचारलं. मी म्हटलं, "तुमच्यासमोर काढलंय, टिक तुम्हीच मारलीय." तिनं रजिस्टर मिटलं.

२९ एप्रिल

परवा तिनं आम्हा सगळ्यांची बोटं एकेका काचेच्या चकतीत टेकवून घेतली होती. चकतीत पिवळट जेली असते, जंतू असले तर त्यात वाढतात. सगळ्यांना आधी साबणानं हात धुवायला लावले, मी तर दोनदा धुतले. आज चकत्या उघडल्या. माझ्या बोटाच्या जागी साबुदाण्यासारखे पांढरे ठिपके. मी म्हणणारच होते की हे कोणीतरी मुद्दाम केलंय. तर अश्विनच्याही चकतीत ठिपके. इक्राच्या स्वतःच्याही.

"सगळ्यांच्या कातडीवर असतात," ती म्हणाली. "तो आजार नाही. धुऊनही पूर्ण जात नाहीत. स्पिरिटनं थोडा वेळ जातात, म्हणून तर पुसायचं."

मग तिनं कागद पुढे केला, आमच्या बोटांवरच्या जंतूंची नावं. पहिलं नाव वाचलं. पोस्टरवरचं पहिलं नाव. स्पेलिंगसकट तेच.

मी विचारलं, "हे तेच ना?"

"तेच. म्हणून तर झोप उडालीय. कोणी पुसल्यावर हात लावला असेल, तर ते जिवाणू पेशंटच्या रक्तातले नाहीत, लावणाऱ्याच्या बोटावरचे आहेत. मला शेवटचं सांगा ताई, लावला होता?"

मी नाही म्हटलं.

म्हटलं नाही, आणि पोस्टरखालून चालत खाली आले. पुढे काय लिहू? मला तिचा राग येतोय. तिनंच अवघड पेशंट माझ्याकडे दिले. सोप्या शिरा दिल्या असत्या तर मला चाचपावं लागलं नसतं. तिच्यामुळे झालं हे सगळं.

३ मे

पुतळाताईला ॲडमिट केलं. सकाळी धाप लागली, झोपता येईना, शेजारच्यांनी रिक्षात घालून आणली. साखर चारशे ऐंशी, फुफ्फुसात पाणी, हार्टचं पंपिंग निम्म्यावर. डॉक्टर माझ्यावरच खेकसला, "गोळ्या कोणी बंद केल्या?" माझ्यासमोर गिळलेल्या त्या तेवढ्याच, नंतर परत बंद.

ऑक्सिजनच्या मास्कमधून मला म्हणाली, "घाबरू नको गो. जंतू भायेर जाताना तरास होतो."

मी तिला काहीच सांगितलं नाही. बाहेर येऊन वॉचमनशी पार्किंगवरून भांडले. माझी गाडीसुद्धा नाही.

६ मे

फेरतपासणी ठरली. परवा दहा ठणठणीत माणसांचं रक्त मी काढायचं आणि दहा पेशंटांचं अश्विननं. इक्रा आणि संघमित्रा मॅडम दोघी खोलीबाहेर थांबणार, कारण बघणाऱ्याचा परिणाम नको म्हणे. बाटलीवर फक्त नंबर.

डोकं चालवून बघितलं. मी मोजा अख्खा ठेवला, पुसल्यावर बोट लावलं नाही, तर दहाही बाटल्या स्वच्छ निघणार. मग काय ठरणार? सुमित्राच्या हातात काही दोष नाही, जंतू पेशंटच्या रक्तातच आहेत. माझं नाव सुटलं. तिचा पेपर छापला जाणार, मोऱ्याला पेढे वाटले जाणार. सगळे खूश. अश्विनच्या दहांत काही निघालं नाही तर म्हणतील तीन-तीनदा टोचून त्यानंच बिघडवलं. त्याचं कोण ऐकतंय?

आणि मी नेहमीसारखं काढलं तर ठणठणीत माणसांतही जंतू निघणार, मग पेपर बुडाला आणि त्याच्याबरोबर मीही.

माझा फायदा तिच्या फायद्यात अडकलाय, हीच चीड आहे. या बयेला जिंकवायचं म्हणजे मी वाचणार! दिवसभर भांडी आपटली.

८ मे

नेहमीसारखंच काढलं.

दहा जण होते. चांगली तरणीताठी माणसं, शिरा समोर दिसत होत्या, चाचपायची काही गरज नव्हती. तरी प्रत्येक वेळी मोज्याचं टोक दातानं फाडलं, पुसलं, तीस सेकंद थांबले आणि मग बोट ठेवलं. पहिल्या वेळेला बोट पुढे जाईना. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी ठरवून बोट ठेवत होते.

तिची जिरवायची होती म्हणून केलं. दुसरं काही नाही. केक कापताना कलेक्शन स्टाफ म्हणाली होती ना, आता बघू म्हणावं.

तिथून दुपारी हॉस्पिटलला गेले. पुतळाताईचं पाणी उतरलंय, पण डॉक्टर म्हणतो हार्ट होतं तेवढं परत येणार नाही. अंगणात जाऊन यायचं, एवढंच चालणं आता. गोळ्या माझ्या हातानं दिल्या.

२६ मे

मीटिंग झाली. तारीख, वेळ, सगळं लिहिते. सोमवार, सकाळी साडेअकरा. हजर संघमित्रा मॅडम, इक्रा, अश्विन, मी.

माझ्या दहांपैकी नऊ बाटल्यांत जंतू. अश्विनच्या दहा पेशंटांपैकी एकात. इक्रा आकडे वाचत होती आणि तिचा आवाज सपाट होता. मी तिच्याकडे बघत होते, की आता मजा येईल. आली नाही.

संघमित्रा मॅडम पेन फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "आपण या दहा बाटल्या बाद करू. त्या दिवशी कलेक्शन बिघडलं, एवढंच लिहू. मूळच्या साठांना धक्का लावायची गरज नाही." माझ्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "सुमित्राताई, वय होतं माणसाचं. आता हात थरथरतो, त्यात तुमचा काय दोष? तुम्हाला आपण बसून करायचं काम देऊ."

दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसती मान हलवायची होती. वय झालं, एक दिवस चुकले, संपलं.

पण थरथरतो? माझा हात?

मी उभी राहिले. हात टेबलावर सरळ धरला, त्यांच्या नाकासमोर. म्हटलं, "बघा. कुठे थरथरतोय दाखवा. त्या दिवशी काही बिघडलं नाही मॅडम. त्या दिवशी केलं तेच मी रोज करते. मोज्याचं टोक फाडते आणि पुसल्यावर बोट लावते. साठही पेशंटना असंच केलं. एखाद-दुसरा सुटला असेल, जिथे शीर दिसत होती तिथे. बाद करायच्या तर माझ्या सगळ्या बाटल्या बाद करा."

अश्विन खाली बघत होता. त्याला माहीत होतं, मला वाटतं पहिल्यापासून.

इक्रा उठली. तिची टीव्हीची मराठी पार उतरली. "तीन वेळा सांगितला होता तुमाला! तीन वेळा! पहिल्या दिवशी नाव घेऊन सांगितला, कारण मला समोर दिसत होता का तुमी ऐकनार नाय! तयारीसकट दीड वर्ष गेला माझा! केबिनमध्ये विचारला, तोंडावर खोटं बोललात!"

"बोलले," मी म्हटलं. "आणि वाटणी कोणी केली? अवघड ते सुमित्राला, सोपे ते अश्विनला, हे कोणी ठरवलं? दोघांनी दोन्हीकडचे काढले असते तर पहिल्या महिन्यात कळलं असतं. वाटणी तुझी, बोट माझं."

पहिल्यांदा तिला तोंडावर अगं-तुगं केलं. तिनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "हो. मी केली."

संघमित्रा मॅडम म्हणाल्या, "इक्रा, नीट विचार कर. बाहेर कोणाला कळणार नाही."

"मला कळलंय ना," इक्रा म्हणाली. तिथेच बसून परीक्षकाला उत्तर लिहिलं, पेपर मागे घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाहेर जगात या विषयावर खरं काम चालू आहे. मी परत करीन. सगळ्यांना परत बोलवावं लागेल. तुम्ही सुई धरणार नाही." आणि मी दाराशी पोचले तेव्हा, "तुमच्या नणंदेला रिझल्ट तुम्हीच सांगितला होता ना? मला हॉस्पिटलमधून फोन आला होता. आता हेही तुम्हीच सांगा."

जिरवायला गेले होते तिची. मला अजून तिचा राग येतोय, पण आता तो पूर्वीसारखा बसत नाही.

१ जून

सांगितलं. पुतळाताई घरी आलीय, ओटीवर खुर्ची टाकून बसते. मी तिच्या पायाशी बसले आणि सरळ सांगितलं, की तुझ्या रक्तात जंतू निघाले ते तुझे नव्हते, माझ्या बोटावरचे होते. मी पुसल्यावर बोट लावलं म्हणून ते बाटलीत गेले.

तिला कळायला वेळ लागला. दोनदा सांगायला लावलं.

"म्हन्जे माज्या रगतान काय नवता?"

"नव्हतं. म्हणजे या तपासणीत तरी कळलं नाही."

"मंग मी गोल्या कशाला सोरल्या?"

मी तिचे पाय धरले. तिनं काढून घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळानं म्हणाली, दिवा लावायचा हाय, जा तू.

१९ जून

गेले तीन आठवडे मी काउंटरवर बसून नळ्यांवर लेबलं चिकटवते. नवीन मुलगी घेतलीय, भाविका. पाठ केल्यासारखं सगळं करते, मोजा अख्खा, घड्याळ समोर. हात बरा आहे. इक्रा माझ्याशी कामापुरतं बोलते. मीही.

आज पुतळाताईची पाळी होती. येईल असं वाटलं नव्हतं, आली. तिच्या एका भाच्यानं धरून आणली. इक्रानं फॉर्म परत वाचून दाखवला, या वेळी ती एकेक शब्द ऐकत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

भाविकानं पट्टा बांधला, शोधलं, पुसलं, सुई घातली. नाही मिळाली. दुसऱ्या हातावर, नाही मिळाली. पुतळाताईच्या कपाळावर घाम. मी काउंटरवरून उठून उभी राहिले होते, मला कळलंच नाही कधी उठले.

इक्रानं माझ्याकडे बघितलं. मग मोज्याचं नवं पाकीट माझ्यापुढे धरलं. "सुमित्राताई, या. मी शेजारी उभी राहते. पुसायच्या आधी काय चाचपायचं ते चाचपून घ्या."

या बाईनं! मला! माझे डोळे भरले आणि मी ते लपवायला खाली मान घालून मोजे चढवले. पुढे गेले.

पुतळाताईनं हात पदराखाली घेतला.

"तू नको," म्हणाली. रागानं नाही, भांडणानं नाही, भाजीवाल्याला नको म्हणतात तसं. "ती पोरगी काढंल."

"आजी, त्यांना तुमची शीर माहीत आहे," इक्रा म्हणाली. "दुखणार नाही तुम्हाला."

"दुखू दे."

भाविकानं तिसऱ्यांदा शोधलं. खूप आत शोधत होती. मला तिथून दिसत होतं शीर कुठे आहे, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, दोन बोटं सोडून. मी सांगितलं, "थोडं बाहेर घे ग." आवाज मोठा झाला असावा. भाविकानं घेतलं, मिळाली. नळी भरायला लागली. पुतळाताईनं डोळे मिटले होते.

मी मोजे काढले, कचऱ्यात टाकले आणि काउंटरवर येऊन तिच्या नळीला लेबल चिकटवलं. नंबर तीनदा तपासला.